खिळा न धरणारं घर

माझ्या मामेसासऱ्यांइतका सिमेंटचा द्वेष करणारा माणूस नाशिक शहरात आजवर झाला नाही आणि यापुढे होईल असंही वाटत नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. व्यवसायाने आर्किटेक्ट. आता आर्किटेक्टने सिमेंटचा द्वेष करायचा म्हणजे हलवायाने साखरेशी अबोला धरायचा. पण मामांनी तो धरला आणि निभावलाही. त्यात नशिबाने त्यांना भाचजावई मिळाला तो मी. मी एका बिल्डरकडे साइट इंजिनियर आहे. दिवसभर कॉलम आणि स्लॅब यांच्यात वावरतो, संध्याकाळी घरी येतो तेव्हा माझ्या भुवयांवरसुद्धा सिमेंट असतं. लग्नाच्या बैठकीत माझा उद्योग कळल्यावर मामांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझा दारूचा गुत्ता असावा अशा नजरेने भाचीकडे पाहिलं. "मुलगा चांगला दिसतो," असं ते नंतर आत जाऊन म्हणाले म्हणे, "पण संगत वाईट आहे."

मामांचं म्हणणं असं की घर बांधायचं नसतं, विणायचं असतं. टोपली विणतात तसं. टोपलीचं बूड म्हणजे पाया, उभ्या कामट्या म्हणजे खांब, आडव्या कामट्या म्हणजे भिंत, आणि वरून इरल्यासारखं विणलेलं छप्पर. एवढं सोपं असताना लोक नदीतली वाळू उपसून, डोंगर फोडून स्वतःला कोंडून का घेतात, हे त्यांना कळत नसे. "विटेच्या भिंतीत बघा जावईबापू, खालची वीट जन्मभर वरच्यांना डोक्यावर घेऊन बसते. तिची सुटका नाही. विणीत तसं नसतं. प्रत्येक कामटी एकदा वर येते, एकदा खाली जाते. सगळ्यांना सारखं." हे ते सांगत असताना मामी हमखास स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आमच्यात मात्र मी कायम खालचीच कामटी आहे हो." मग मामा चहा कधी होतोय ते विचारायचे.

हे वेड त्यांनी ड्रॉइंग बोर्डापुरतं ठेवलं असतं तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण भाजीबाजारात गेले की ते भाजी घ्यायचे नाहीत, टोपल्या बघायचे. एकदा पंचवटीत एका मखमलाबादच्या माळीणबाईंची वांग्यांची पाटी त्यांनी बूड बघण्यासाठी सरळ उलटी केली. बाईंनी गोळा केलेली वांगी एकेक करून त्यांच्याच अंगावर मारली, आणि मामा ती झेलत झेलत "बाई, बूड षट्कोनी आहे, कुठून आणली ही?" असं विचारत राहिले. लग्नाला गेले की नवरानवरीला आशीर्वाद द्यायच्या आधी रुखवतातली सुपं निरखायचे. द्राक्षांच्या बागेत कोणी नेलं तर प्लास्टिकच्या कॅरेटचा ढीग बघून त्यांचा चेहरा असा व्हायचा की बागवाल्याला वाटायचं, पाहुण्यांना ऊन लागलं. विंचूरकडच्या एका रिसॉर्टवाल्याने त्यांना काम द्यायचं म्हणून बोलावलं होतं. त्याला काँक्रीटच्या खांबांवर बांबूच्या पट्ट्या चिकटवून हव्या होत्या, गावाकडचा फील यावा म्हणून. मामांनी विचारलं, "या बांबूवर वजन कशाचं आहे?" तो म्हणाला, "कशाचंच नाही, नुसता शो आहे." मामा उठले आणि थेट एसटी स्टँडवर आले. मामी त्या दिवशी काम मिळणार म्हणून मिठाईचा पुडा आणून बसल्या होत्या. तो त्यांनी आम्हाला दिला.

मामांच्या या वेडातून मयतही सुटत नसे. गल्लीत कोणी गेलं की चार पुरुष मिळून तिरडी बांधायला घ्यायचे, आणि मामा थोडा वेळ मागे हात बांधून उभे राहायचे. मग न राहवून म्हणायचे, "जरा सरका." आडव्या बांबूला बोटांनी टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि मयताच्या मुलाला गंभीरपणे विचारायचे, "कोणत्या पंधरवड्यात तोडलाय हा?" तो बिचारा रडून डोळे सुजलेला, त्याला प्रश्नच कळायचा नाही. मग मामा सांगायचे, की चांदणं वाढत जातं त्या पंधरवड्यात बांबूत रस चढतो आणि त्या रसाला लाकूड पोखरणारा भुंगा येतो. म्हणून बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात. सुरगाण्याकडचा कोणीही माणूस सांगेल. "काका," एकदा एक जण कळवळून म्हणाला, "स्मशानापर्यंत टिकला तरी पुरे हो!" पण मामा तोवर सुतळीच्या गाठी सोडून पट्ट्या वरखाली घालायला लागलेले असायचे. "गाठी मारू नका. वीण जमली की गाठ लागत नाही." हळूहळू असं झालं, की आमच्या भागात कोणी गेलं की डॉक्टरांच्या पाठोपाठ मामांना फोन जायचा. त्यांनी बांधलेल्या तिरडीवरून जाताना म्हणे माणूस हलत नाही, अशी ख्याती झाली. त्यांच्या सगळ्या व्यावसायिक आयुष्यात त्यांना मिळालेली ही एवढीच ख्याती, असं मामी म्हणायच्या, आणि हसायच्या.

एवढीच म्हणजे अगदी एवढीच नाही. मामांनी एक इमारत उभी केली, ती म्हणजे त्यांचं स्वतःचं घर. मखमलाबादच्या बाजूला, कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यांना लागून त्यांनी एक तुकडा घेतला होता. परवानगीसाठी गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, "भिंतीची जाडी किती?" मामा म्हणाले, "वाऱ्यावर अवलंबून आहे." ती परवानगी शेवटी शेतातली शेड म्हणून मिळाली. दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरगाण्याच्या डोंगरात तोड लागली, कोजागरीच्या आत ट्रकभर बांबू दारात आला. तिकडचेच कारागीर आले आणि मामा त्यांच्यात मांडी घालून बसले. कामट्या काढून काढून बोटांची सालटी गेली, तेव्हा मामी त्यांना घास भरवत होत्या. घर गोल झालं, धान्याच्या कणगीसारखं. आतबाहेरून माती, शेण आणि भुसा यांचा लेप. खरं सांगतो, सिमेंटवाला असूनही सांगतो, पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला बाहेर यावंसंच वाटेना. उन्हाळ्यात भर दुपारी आत असा गारवा होता की माठात बसल्यासारखं वाटावं. कॉलेजची मुलं यायची, मोबाइलवर व्हिडिओ काढायची. मामा त्यांना भिंतीला पाठ लावून उभं करायचे आणि म्हणायचे, "थांबा. आता वारा येईल. बघा, हलली! घर श्वास घेतं."

घर श्वास घेत होतं हे खरं, पण त्या घरात संसार करायचा होता मामींना. घर गोल, कपाट सरळ. कपाटामागे जी फट राहायची तिच्यात मामींचे चष्मे, उलथणी आणि एकदा तर गौरीचा मुखवटा पडला. आवाज तर सगळा आरपार. नवराबायकोचं भांडण झालं की सकाळी दूधवाला मामींची बाजू घेऊनच यायचा. आणि मुख्य म्हणजे त्या भिंतीत खिळा बसत नसे. मामींचे वडील वणीला शाळामास्तर होते. त्यांनी लेकीला लग्नात एक लंबकाचं घड्याळ दिलं होतं, ठोके देणारं. भाड्याच्या घरांत ते सुखाने चाललं. या घरात मामांनी ते भिंतीच्या विणीत काथ्याने अडकवून दिलं, तर वारा आला की भिंत हलायची, भिंत हलली की लंबक अडखळायचा आणि घड्याळ बंद पडायचं. मामा म्हणाले, "घड्याळात दोष आहे." मामींनी घड्याळ उतरवलं, जुन्या साडीत गुंडाळलं आणि ट्रंकेत ठेवलं. नंतर आयुष्यभर त्यांनी एकच मागणं मागितलं, "मला एक भिंत द्या, खिळा ठोकता येईल अशी. एकच भिंत." आम्ही सगळे हसायचो. त्याही हसायच्या.

मग भुंगा लागला. सुरुवातीला सकाळी भिंतीच्या कडेने चाळलेल्या पिठासारखा पिवळसर भुसा दिसायचा. मामी नाकाला पदर लावून झाडून घ्यायच्या. पुढे पुढे दुपारी सगळं शांत असलं की भिंतीतून कुरकुर ऐकू यायची. मामांनी कडुलिंबाचं तेल लावलं, धूर केला, कुठकुठली औषधं पिचकारीने मारली. एका बाजूच्या कामट्या काढून नव्या घातल्या तर भुंगा त्यांच्यात गेला. भेटेल त्याला ते सांगायचे, "माझी चूक. बांबू कोवळा निवडला मी. डोळे फुटले होते माझे." कॉलेजच्या पोरांसमोरसुद्धा स्वतःला मूर्ख म्हणून घ्यायचे. मामींना आधीपासून थोडा दमा होता. भुशाने तो वाढला. बोलता बोलता थांबायच्या, खाटेच्या कडेला दोन्ही हात रोवून बसायच्या आणि हवा ओढायच्या. त्यातूनही एकदा मला म्हणाल्या, "घर श्वास घेतं ना जावईबापू, म्हणून मला कमी पडतो." 

डॉक्टरांनी साफ सांगितलं की यांना या घरातून हलवा, नाहीतर फार दिवस काढणार नाहीत. आम्ही मामींना आमच्या फ्लॅटवर आणलं. त्यांचा श्वास जरा बरा चालायला लागला, पण मामा तिकडे भुंग्याशी लढत उपाशी बसायचे, हे कळल्यावर त्या हट्टाने परत गेल्या. मग मामा म्हणाले, "घर पाडतो." त्या दिवशी मामींचा जो आवाज चढला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. "खबरदार!" त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. "लांबून लांबून लोक बघायला येतात. दाखवायला दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या साइटवर आले. ते साइटवर आल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. काँक्रीट मिक्सरकडे पाठ करून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरामागे एक खोली घालायची आहे. विटांची. वर स्लॅब. तुमच्या मामीसाठी." मी हो म्हटलं. जरा घुटमळून ते म्हणाले, "ते जे काय लागतं ते तुम्हीच आणा. आणि येताना झाकून आणा." सिमेंट हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी टेम्पोवर बांबूच्या चटया टाकून गोण्या नेल्या. शेजारच्या माळ्याने विचारलं तर मामांनी खत आहे म्हणून सांगितलं, आणि त्याने दोन गोण्या उसन्या मागितल्या तेव्हा त्यांची जी तारांबळ उडाली ती बघून मामी खाटेवर बसल्या बसल्या हसून हसून कासावीस झाल्या.

भिंती भराभर चढल्या. स्लॅबच्या सळ्या अंथरायला घेतल्या आणि काम अडलं. माझा सळ्या बांधणारा कारागीर चिडून खाली उतरला. "साहेब, हे काका सळ्या विणायला सांगत्यात! एक वर, एक खाली. सळई म्हंजी काय कामटी हाय का? लय टाइम जाईल, मी नाय करत." मी वर गेलो. मामा जाळीवर उकिडवे बसून सळई वाकवत होते. मी त्यांना समजावलं, की सळ्या विणल्याने स्लॅब मजबूत होत नाही, नुसता वेळ जातो, आणि वेळच तर आपल्याकडे नाही. ते खाली मान घालून म्हणाले, "बरं." त्या 'बरं'चा मला राग आला असता तर बरं झालं असतं. मी खाली आलो तर शेवग्याखाली खुर्चीत बसलेल्या मामींनी मला हाताने जवळ बोलावलं.

"विणू द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

"मामी, आठवडा जाईल त्यात. तुम्हाला लवकर आत न्यायचंय."

"जाऊ दे." मग त्या बराच वेळ श्वास जमवत बसल्या. "तुम्हाला एक सांगते. ह्यांना कळता कामा नये. घराचा बांबू दसऱ्याला तोडा, असा हट्ट माझा होता. हे म्हणत होते, कोजागरी जाऊ दे, अंधारात तोडू. मी म्हटलं, आपलं पहिलं घर, त्याचं पहिलं लाकूड काय अवसेकडे जाताना तोडायचं? सणाच्या दिवशी मी रडले. यांनी आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, माझं तेवढं एकदा ऐकलं."

मी म्हटलं, "पण मामा तर म्हणतात बांबू कोवळा..."

"तेच तर. पूर्वी येईल त्याला पंधरवड्याचं पुराण सांगायचे. मयताच्या घरीसुद्धा सोडायचे नाहीत. भुंगा लागला त्या दिवसापासून एकदा तरी काढलं तोंडातून? मला वाईट वाटेल म्हणून. मला काय कळत नाही?" त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "विणू द्या त्यांना. माझं ऐकलं त्यांनी, आता त्यांचं होऊ दे."

मी आठवून पाहिलं. खरंच, कितीतरी वर्षांत मामांनी तो प्रश्न कुठल्याच तिरडीपाशी विचारला नव्हता, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी कारागिराला दुसऱ्या साइटवर पाठवलं आणि मामांच्या समोर बसून सळ्या धरल्या. मामींनी खुर्ची उन्हात ओढून घेतली आणि आम्हा दोघांकडे बघत बसल्या. सळ्यांची ती वीण मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही स्लॅबपेक्षा देखणी होती, हे मी साइटवर कोणाला सांगणार नाही. काँक्रीट पडलं तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर रोज ते स्लॅबवर पाणी मारायचे आणि खाली येऊन मामींना विचारायचे, "घड्याळ कुठल्या भिंतीवर?" मामींनी पूर्वेची भिंत सांगितली. मामा भद्रकालीच्या बाजारात जाऊन काँक्रीटमध्ये ठोकायचा खिळा घेऊन आले, आणि तो चुकीच्या मापाचा निघाला म्हणून परत गेले.

स्लॅबखालचे टेकू अजून काढायचे होते. त्या सकाळी मामी उठल्याच नाहीत.

अंगणात तिरडीचं सामान आलं. चौघांनी बांधायला घेतली आणि सवयीने मध्येच थांबले, कारण मामा येऊन "जरा सरका" म्हणतील असं सगळ्यांनाच वाटत होतं. मामा शेवग्याला टेकून उभे होते.  मग त्या चौघांनीच गाठी मारल्या, सुतळीच्या, एकावर एक, कशाही. मामींना बाहेर आणायची वेळ झाली तेव्हा मामा पुढे आले, खाली वाकले आणि बांबूला बोटाने टिचकी मारली. सामान आणून देणाऱ्या माणसाकडे बघून त्यांनी विचारलं, "कोणत्या पंधरवड्यात तोडलाय हा?" तो म्हणाला, "माहीत नाय काका." "विचारून घ्यायचं," मामा म्हणाले, "विचारून घ्यायचं रे," आणि तिथेच जमिनीवर बसले. मागे कोणीतरी कुजबुजलं, की या माणसाला आजसुद्धा ते सुचतंय. मी मामांच्या शेजारी जाऊन बसलो. 

आता मामा एकटेच राहतात, त्या विणलेल्या घरातच. टेकू काढून आम्ही मागची खोली पुरी केली. पूर्वेच्या भिंतीत त्यांनी स्वतः खिळा ठोकला, थोडा वाकडा, आणि ट्रंकेतलं घड्याळ साडीतून सोडवून त्यावर टांगलं. ते एकदाही अडखळलेलं नाही. त्या खोलीत दुसरं काही नाही. मामा घड्याळाला किल्ली द्यायला तेवढे जातात, चप्पल बाहेर काढून. परवा मी गेलो तेव्हा ते नाकाला रुमाल लावून भिंतीकडेचा भुसा झाडत होते. झाडू ठेवून माझ्याजवळ येऊन बसले.

"जावईबापू, एक कोणाला सांगितलं नाही मी," ते म्हणाले. "बांबू कोवळा नव्हता. चांगला जून होता. तिचा हट्ट म्हणून दसऱ्याला तोडला. मला माहीत होतं काय होणार ते. पण ती रडत होती." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तिला हे कधी कळलं नसेल ना? कळलं असतं तर त्यानेच खंगली असती ती."

मी कामट्यांकडे बघत राहिलो. "नाही मामा," मी म्हणालो, "त्यांना काही कळलं नव्हतं."

"मग बरं झालं," मामा म्हणाले. मागच्या खोलीत घड्याळाचे ठोके पडायला लागले आणि भिंतीतून आरपार आमच्यापर्यंत आले. मामांनी हात वर करून मला गप्प राहायची खूण केली, आणि शेवटचा ठोका पडेपर्यंत आम्ही दोघं त्या हलणाऱ्या भिंतीला पाठ लावून बसून राहिलो.